डॉ. होमी भाभा आणि मुंबईंतील गणकयंत्र

आपल्या शाळेंतून बाहेर पडणारीं कित्येक मुलें हल्लीं महाविद्यालयांत गेल्यावर संगणकविद्येचा प्रारंभींचा अभ्यासक्रम घेतात. पहिल्या कांहीं दिवसांतच शून्य व एक या दोनच अंकांची मोजणी, यंत्राची स्मृति, आज्ञावली वगैरे शब्द त्यांच्या कानांवर पडतात, आणि पुष्कळांचा असा समज होतो कीं, ही सारी विद्या परदेशांतून आयती आली. ती तशी येऊं नये म्हणून ज्या गृहस्थांनीं खटपट केली त्यांचें नांव सर्वांस ठाऊक आहे. पण तें अणुशक्तीच्या संबंधानें. त्यांच्या चरित्राची ही दुसरी बाजू येथें विशेषेंकरून सांगावयाची आहे.

होमी जहांगीर भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजीं मुंबईस एका सुशिक्षित पारशी कुटुंबांत झाला. वडील कायदेपंडित होते, आणि आत्या मेहेरबाई या सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी. घरीं ग्रंथ विपुल, चित्रकला व पाश्चात्य संगीत यांचीही आवड. मुंबईंतील शिक्षण आटोपून १९२७ सालीं होमी केंब्रिजला गेले. त्यांनीं यंत्रशास्त्र शिकावें व परत येऊन जमशेदपूरच्या टाटांच्या पोलादाच्या कारखान्यांत मोठ्या हुद्द्यावर बसावें, अशी घरच्या मंडळींची इच्छा. मुलाचें मन मात्र पदार्थविज्ञानांत गुंतलेलें. त्यानें तसें वडिलांस स्पष्ट लिहून कळविलें. वडील रागावले नाहींत. यंत्रशास्त्राची परीक्षा पहिल्या वर्गांत उतरलास तर पुढें गणित शिकावयास राहूं देतों, असें त्यांनीं कबूल केलें. १९३० सालीं होमी पहिल्या वर्गांत उत्तीर्ण झाले, आणि वडिलांनीं आपला शब्द पाळला. आपल्या मुलानें अमुकच अभ्यासक्रम घ्यावा असा हट्ट धरणाऱ्या पालकांनीं हा भाग सावकाश वाचावा, एवढीच विनंति.

विश्वकिरणांवरील संशोधनानें त्यांची कीर्ति युरोपांत पसरली. १९३९ सालीं ते सुटींत घरीं आले असतां महायुद्ध पेटलें आणि परतीची वाट बंद झाली. बंगलोरच्या विज्ञानसंस्थेंत सर चंद्रशेखर रामन यांच्या विभागांत त्यांनीं काम पत्करलें. वयाच्या ३१ व्या वर्षीं, १९४१ सालीं, ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सभासद निवडले गेले. युद्ध संपल्यावर केंब्रिजला परत जाणें त्यांस कांहीं कठीण नव्हतें. परंतु १२ मार्च १९४४ रोजीं त्यांनीं सर दोराबजी टाटा विश्वस्तनिधीस पत्र लिहून एक संशोधनसंस्था काढण्याची मागणी केली. पुढें अणुशक्तीचा उपयोग होऊं लागेल तेव्हां तज्ज्ञांसाठीं परदेशाकडे पाहण्याची पाळी हिंदुस्थानावर येऊं नये, असा त्यांचा आशय होता. १९४५ सालीं टाटा मूलभूत संशोधन संस्था निघाली, आणि लवकरच ती मुंबईंत पेडर रोडवरील एका बंगल्यांत भरूं लागली.

आतां गणकयंत्राची हकीकत. १९५५ च्या सुमारास कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेनें इंग्लंडहून एक गणकयंत्र आणविलें. भाभांच्या संस्थेनें दुसरा मार्ग धरला : यंत्र येथेंच बनवावयाचें. अमेरिकेंत शिकून आलेले आर. नरसिंहन या कामावर होते. बाकीचे बहुतेक नुकतेच पदवी घेतलेले पदार्थविज्ञानाचे तरुण. त्यांनीं असलें यंत्र कधीं चालविलें नव्हतें, मग बनविण्याची गोष्ट कशाला! शिकविणारा गुरु नाहीं, नेमलेलें पुस्तक नाहीं. प्रथम एक लहान नमुना करून पाहिला. तो १९५६ सालीं चालूं लागला. मग मोठें यंत्र हातीं घेतलें, तें १९६० सालीं कामास लागलें. १९६२ सालीं पंडित नेहरू यांच्या हस्तें संस्थेच्या कुलाब्याच्या नव्या इमारतीचें उद्घाटन झालें. यंत्राचें 'टिफ्रॅक' हें नांवही त्यांनींच त्या वर्षीं ठेविलें.

त्या यंत्रांत सुमारें २,७०० निर्वात नळ्या होत्या. विजेचा प्रवाह आहे किंवा नाहीं, एवढ्या दोनच अवस्थांवर त्याचें सारें गणित चाले. प्रवाह आहे तो एक, नाहीं तें शून्य. स्मृतींत २,०४८ कप्पे, दर कप्प्यांत असे ४० अंक. म्हणजे एकंदर ८१,९२० अंक. हल्लींच्या मोबाईलवर काढलेलें एक छायाचित्रही इतक्या जागेंत मावणार नाहीं. यंत्राला द्यावयाच्या आज्ञा कागदी फितीवर भोकें पाडून पुरवाव्या लागत.

यंत्र पुरें होईपर्यंत पाश्चात्य देशांत निर्वात नळ्या मागें पडून त्यांची जागा ट्रान्झिस्टर घेऊं लागले होते. १९६४ सालीं संस्थेनें स्वतःच सी.डी.सी. ३६०० हें फार मोठें अमेरिकन यंत्र आणविलें. तेव्हां टिफ्रॅकवरील श्रम व पैसा वायां गेला, असें कोणी म्हणेल. मला तसें वाटत नाहीं. नवें यंत्र आलें तेव्हां त्याचें अंतरंग जाणणारीं माणसें मुंबईंत तयार होतीं, आणि अनेक विद्यापीठांतील व संस्थांतील संशोधकांस त्या यंत्राचा उपयोग करून घेतां आला. नुसता पैसा देऊन अशीं माणसें बाजारांत मिळालीं नसतीं. भाभांना माणसांची पारख होती. आधीं माणूस शोधावा व मग त्याच्याभोंवतीं विभाग उभारावा, ही त्यांची रीत असे.

या काळांत अणुशक्ति मंडळाचा सारा भार त्यांच्याच शिरावर होता. १९५५ सालीं जिनीव्हा येथील संयुक्त राष्ट्रांच्या अणुपरिषदेचे ते अध्यक्ष होते. १९६२ च्या चिनी युद्धानंतर देशाला कोणतीं इलेक्ट्रॉनिक साधनें लागतील याचा विचार करण्यासाठीं सरकारनें समिति नेमली, तिचेंही अध्यक्षपद त्यांच्याकडेच आलें. त्या समितीच्या कामांत गणकयंत्रांचाही विचार होता.

२४ जानेवारी १९६६ रोजीं व्हिएन्ना येथील सभेस जात असतां त्यांचें विमान आल्प्स पर्वतांत माँ ब्लाँ शिखराजवळ कोसळलें. त्यांचें वय अवघें ५६ वर्षांचें होतें. समितीचा अहवाल त्याच वर्षीं प्रसिद्ध झाला. पुढच्या वर्षीं अणुशक्ति खात्यानें हैदराबादेस इलेक्ट्रॉनिक साधनांचा सरकारी कारखाना काढला, आणि थोड्याच वर्षांत तेथें भारतीय बनावटीचे संगणक तयार होऊं लागले.