अनाम राहिलेले मुख्य रचनाकार : सर्गेई कोरोलेव

सोव्हिएत क्षेपणास्त्र कार्यक्रमाचे शिल्पकार सर्गेई कोरोलेव यांचे १४ जानेवारी १९६६ रोजी मॉस्को येथे शस्त्रक्रियेदरम्यान निधन झाले, तेव्हाच सर्वसामान्य सोव्हिएत नागरिकांना त्यांचे नाव कळले. तोवर ते केवळ ‘मुख्य रचनाकार’ होते. स्पुटनिक आणि गागारिन यांच्यामुळे त्यांचे स्मरण होते. पायाभरणी मात्र लघु पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांनी झाली होती.

युक्रेनमधील झितोमिर येथे १९०७ मध्ये जन्मलेल्या कोरोलेव यांना जून १९३८ मध्ये खोट्या आरोपांखाली अटक झाली. कोलिमातील सोन्याच्या खाणीत उपासमारीने व स्कर्व्हीने त्यांचे दात पडले. पुढे कैदी अभियंत्यांच्या कार्यालयात त्यांची बदली झाली आणि १९४४ मध्ये सुटका. पुढच्या वर्षी, व्ही-२ क्षेपणास्त्राच्या अभ्यासासाठी त्यांना पराभूत जर्मनीत पाठविण्यात आले.

कोरोलेव यांना अधिक पल्ल्याचे स्वतंत्र क्षेपणास्त्र हवे होते. स्टालिन यांचा आदेश हुबेहूब नकलेचा होता. नक्कलही सोपी नव्हती. व्ही-२ मध्ये पोलादाचे ८६ प्रकार वापरलेले; सोव्हिएत उद्योगाकडे त्यांपैकी ३२ प्रकारांनाच पर्याय होता. व्होल्गाकाठच्या कापुस्तिन यार या ओसाड गवताळ प्रदेशात १८ ऑक्टोबर १९४७ रोजी जुळवणी केलेले पहिले व्ही-२ झेपावले. ते २०० किलोमीटरहून दूर गेले, पण लक्ष्यापासून सुमारे ३० किलोमीटर भरकटले. सोव्हिएत बनावटीच्या ‘आर-१’ची पहिली चाचणी १७ सप्टेंबर १९४८ रोजी फसली, १० ऑक्टोबरला यश आले. पल्ला होता २७० किलोमीटर.

खरी अडचण रणांगणावरची होती. द्रवरूप ऑक्सिजन सतत उडून जात असल्याने ‘आर-१’ इंधन भरून सज्ज ठेवता येत नसे. ‘आर-११’मध्ये त्याऐवजी साठवणक्षम नायट्रिक आम्ल आले. हे दाहक, विषारी द्रव्य कोरोलेव यांना मनापासून कधीच रुचले नाही. तरीही त्यामुळे पल्ला तेवढाच राखून वजन तेरा टनांवरून साडेपाच टनांच्या आत आले. एप्रिल १९५३ मध्ये चाचण्या सुरू झाल्या, सप्टेंबर १९५५ मध्ये श्वेत समुद्रात पाणबुडीवरूनही प्रक्षेपण झाले. या कामाची धुरा त्यांनी तरुण व्हिक्टर माकेयेव यांच्याकडे सोपविली होती. पाश्चात्त्य देशांत हेच कुळ ‘स्कड’ नावाने ओळखले गेले.

‘आर-११’ लष्करात दाखल झाले १९५५ मध्ये. १९३८ च्या खटल्यात कोरोलेव पूर्णतः निर्दोष असल्याचा निर्वाळा सरकारने त्यानंतर दोन वर्षांनी, एप्रिल १९५७ मध्ये दिला.