गाडगेबाबांची अयाचित सेवा

परोपकारावर निबंध लिहिणें सोपें आहे. तो प्रत्यक्ष करणें कठीण, आणि कोणी न बोलावतां करणें त्याहूनहि कठीण. मोठमोठीं दानें करणाऱ्यांचीं नांवें शिलालेखांवर राहतात. परंतु शेजाऱ्याची मोळी डोक्यावर चढवून देणारा, चिखलांत रुतलेल्या गाड्याच्या चाकास हात लावणारा किंवा परक्याच्या दारापुढील तुंबलेलें गटार उपसणारा मनुष्य सहसा कोणाच्या स्मरणांत रहात नाहीं. महाराष्ट्रांत मात्र असा एक पुरुष होऊन गेला कीं, असल्या क्षुल्लक कामांनींच तो लोकांच्या हृदयांत संत होऊन बसला. त्याचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

गाडगेबाबांचें मूळ नांव डेबूजी झिंगराजी जानोरकर. त्यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजीं वऱ्हाडांत, अमरावती जिल्ह्यांतील शेणगांव येथें, एका परीट कुटुंबांत झाला. वडील मद्याच्या व्यसनापायीं अकालीं वारले. तेव्हां मातोश्री सखूबाई लहानग्या डेबूस घेऊन दापुरें गांवीं आपल्या माहेरीं आल्या. तेथें डेबूनें मामांचीं गुरें राखिलीं, नांगर धरिला, पेरणी-कापणी केली. शाळेचें तोंड त्याला पहावयास मिळालें नाहीं. परंतु कोणत्याहि कष्टाची लाज न वाटणें ही विद्या त्यानें शेतांतच संपादन केली. १८९२ सालीं कुंताबाईंशीं त्याचा विवाह झाला. पुढें मुलीच्या बारशास रूढीप्रमाणें मद्यमांसाची पंगत घालावयाची, ती त्यानें न घालतां सर्वांस गोडाचें जेवण दिलें. आपला बाप मद्यानें नेला हें तो विसरला नव्हता.

पूर्णा नदीच्या कांठीं ऋणमोचन येथें पौष महिन्यांत यात्रा भरते. कांठावरील चिखलामुळें वृद्धांचे व लेकुरवाळ्या स्त्रियांचे फार हाल होत. इतर लोक स्नान करून पुण्य घेऊन जात. डेबूजी मात्र पाटी घेऊन वाटेवर वाळू-माती टाकीत व यात्रेकरूंस हात देत. त्यांच्या पुढील आयुष्याचें बीज आम्हांस येथेंच दिसतें.

१ फेब्रुवारी १९०५ रोजीं त्यांनीं घर सोडिलें. मागें माता, पत्नी व लहान मुलें होतीं. जगाची सेवा करण्यास निघालेल्यानें स्वतःचें घर उघडें टाकावें काय, हा प्रश्न आमच्या मनांत उभा राहिल्यावांचून राहिला नाहीं. त्याचें पूर्ण समाधान होईल असें उत्तर आम्हांस सुचत नाहीं. कुंताबाईंनीं जें सोसलें तें या चरित्रांतून वगळणें अन्यायाचें होईल, एवढेंच आम्ही म्हणतों.

अंगावर चिंध्यांचें वस्त्र, हातांत काठी आणि एक मातीचें गाडगें, असा त्यांचा वेष असे. त्या गाडग्यामुळेंच लोक त्यांस गाडगेबाबा म्हणूं लागले. वाटेनें जातांना कोणी शेतकरी एकटाच राबतांना दिसला कीं बाबा त्याच्या जोडीस लागत. कोणी बाई ओझ्यापाशीं खोळंबलेली दिसली कीं तें उचलून देत. काम संपलें कीं नांव न सांगतां पुढें चालूं लागत. कित्येकांनीं त्यांस वेडा समजून हाकून दिलें. तरी त्यांच्या क्रमांत खंड पडला नाहीं.

पुढें त्यांची रीत ठरून गेली. गांवांत शिरतांच ते खराटा घेऊन रस्ते झाडूं लागत, गटारें साफ करीत. प्रथम लोक नुसते पहात. मग एकेकजण शरमून हातीं झाडू घेई. सायंकाळपर्यंत गांव स्वच्छ होई आणि रात्रीं त्याच झाडलेल्या जागेवर कीर्तन रंगे. सावकाराचें कर्ज, दारू, देवापुढील पशुहत्या, अस्पृश्यता यांवर ते साध्या वऱ्हाडी बोलींत श्रोत्यांसच प्रश्न विचारीत. आधीं काम व मग उपदेश, हा क्रम त्यांनीं कधीं उलटा केला नाहीं. म्हणूनच त्यांचा शब्द लोक मानीत.

कीर्तनांस हजारों लोक जमूं लागले, देणग्या येऊं लागल्या. त्या पैशांतून पंढरपुरास, जेथें अस्पृश्य गणलेल्या वारकऱ्यांस उतरावयास ठाव नव्हता, चोखामेळ्याच्या नांवाची धर्मशाळा उभी राहिली. नाशिक, देहू, आळंदी येथेंहि धर्मशाळा झाल्या. शाळा, वसतिगृहें व अन्नछत्रें निघालीं. बाबा स्वतः मात्र भिक्षेची भाकरी खात व उघड्यावर निजत. आपल्या संस्थांचा लाभ त्यांनीं नातलगांस घेऊं दिला नाहीं.

२० डिसेंबर १९५६ रोजीं अमरावतीकडे जात असतां वलगांवजवळ वाटेंतच त्यांचें देहावसान झालें. आयुष्यभर वाटेवर राहिलेल्या पुरुषास मृत्यूहि वाटेवरच आला. २००० सालीं महाराष्ट्र सरकारनें ग्रामस्वच्छतेचें अभियान सुरू केलें, त्यास त्यांचेंच नांव दिलें.

आमच्या शाळेंत जो शुभवर्तमानाचा पाठ होतो, त्यांत प्रभूनें कमरेस रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतल्याची कथा आहे. ती ऐकतांना आमचीं मनें भरून येतात. परंतु पाठ संपवून वर्गांत आल्यावर बांकाखालीं पडलेला कागद पाहून आम्ही शिपायाची वाट पाहतों. गाडगेबाबांस अक्षरज्ञान नव्हतें. पण त्या कथेचा अर्थ आमच्यापेक्षां त्यांस अधिक कळला होता, असें कबूल करणें आम्हांस भाग आहे.

बाबांप्रमाणें घर सोडणें आमच्याच्यानें होणार नाहीं, आणि कोणी तसें सांगतहि नाहीं. परंतु शेजारच्या आजीबाईंची पाण्याची घागर उचलून देणें, आजारी सोबत्याच्या वह्या उतरवून देणें, वसतिगृहापुढील मोरी आपण होऊन धुणें, एवढें तर होण्यासारखें आहे. आणि तें झाल्यावर, कोणी पाहिलें कीं नाहीं हें न पाहतां पुढें चालूं लागणें, हा त्यांतील अवघड भाग आहे. विद्यार्थिबंधुभगिनींनीं प्रथम तोच शिकावा, अशी आमची विनंती आहे.