बाळूंचा बॉल

मी कॉन्व्हेंटवाला, मराठी सांभाळून घ्या! रविवारी आकुर्डीत नेटमध्ये बॅटिंग नाही मिळाली की मी चिडायचो. मग पालवणकर बाळूंबद्दल वाचलं.

पुण्यात इंग्रजांच्या क्लबात ते पिच तयार करायचे, पगार महिना 4 रुपये. ग्रेग नावाच्या बॅट्समनला तासन्‌तास बॉल टाकता टाकता ते डावखुरी स्पिन शिकले. बॅट मात्र कुणी हातात दिली नाही. दलित म्हणून चहासुद्धा बाहेर, मातीच्या भांड्यात. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी 114 विकेट्स काढल्या. तरी हिंदू संघाची कॅप्टनशिप नाहीच. 1923 मध्ये ती धाकटे भाऊ विठ्ठल यांना मिळाली. 1955 मध्ये बाळू गेले.

आता बॅटिंग नाही मिळाली तर मी बॉल उचलतो. आणि प्रॅक्टिसनंतर पिचवर पाणी मारणाऱ्या काकांनाही टपरीवर आमच्यासोबत चहाला बसवतो.