कॅरेन कारपेंटर : ड्रम्समागून पुढे आलेला स्वर

(४ फेब्रुवारी – स्मृतिदिन विशेष)

अमेरिकेतील सत्तरच्या दशकाची आठवण निघाली की ‘द कारपेंटर्स’ या भाऊ-बहिणीच्या जोडीचे नाव हमखास घेतले जाते. व्हिएतनाम युद्ध आणि वॉटरगेट प्रकरणाने ढवळून निघालेल्या त्या काळात या जोडीची संथ, सुरेल गाणी असंख्य घरांचा विसावा बनली. आजच्या स्मरणरंजनातही कॅरेन कारपेंटर यांचा शांत, खर्जाकडे झुकणारा स्वर अग्रभागी असतो. मात्र श्रोत्यांना दिलासा देणाऱ्या या गायिकेचे स्वतःचे आयुष्य अवघ्या ३२व्या वर्षी संपले.

कॅरेन यांचा जन्म २ मार्च १९५० रोजी कनेक्टिकट राज्यातील न्यू हेवन येथे झाला. १९६३ मध्ये हे कुटुंब कॅलिफोर्नियातील डाउनी येथे स्थायिक झाले. शाळेतील व्यायामाचा तास टाळण्यासाठी त्या वाद्यवृंदात दाखल झाल्या आणि तेथेच त्यांना ड्रम्सची गोडी लागली. मुलींनी हे वाद्य वाजवणे त्या काळी दुर्मीळ होते. थोरले बंधू रिचर्ड पियानोवर आणि कॅरेन ड्रम्सवर, अशा त्रिकुटाने १९६६ मध्ये हॉलीवूड बोल येथील स्पर्धा जिंकली.

१९६९ मध्ये या भावंडांचा ‘ए अँड एम रेकॉर्ड्स’शी करार झाला. पुढच्याच वर्षी ‘क्लोज टू यू’ हे गीत अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. तीन ग्रॅमी पुरस्कार त्यांच्या वाट्याला आले. १ मे १९७३ रोजी राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्या निमंत्रणावरून त्यांनी व्हाइट हाउसमध्ये कार्यक्रम सादर केला.

या यशाची एक किंमत होती. कॅरेन स्वतःला आधी ड्रमवादक आणि मग गायिका मानत. परंतु वाद्यांच्या मागे बसलेली गायिका प्रेक्षकांना दिसत नाही, या कारणास्तव त्यांना हळूहळू मंचाच्या पुढच्या भागात उभे करण्यात आले. आवडते वाद्य दुरावले आणि देहावर हजारो नजरा खिळल्या. आपल्या शरीराविषयीची त्यांची अस्वस्थता या काळात वाढत गेली. १९७५ मध्ये प्रकृती इतकी ढासळली की ब्रिटन आणि जपानचे दौरे रद्द करावे लागले.

आजाराचे नाव होते ॲनोरेक्सिया नर्व्होसा. वजन वाढण्याच्या तीव्र भीतीपोटी रुग्ण अन्न नाकारत राहतो, असा हा मानसिक विकार वैद्यकशास्त्राला एकोणिसाव्या शतकापासून परिचित होता. सर्वसामान्यांना मात्र तो जवळजवळ अज्ञात होता. कॅरेन यांची कृशता सर्वांना दिसत होती. तिचा अर्थ फार थोड्यांना कळत होता.

१९७९-८० मध्ये त्यांनी न्यूयॉर्क येथे निर्माते फिल रामोन यांच्यासह स्वतंत्र गीतसंग्रह ध्वनिमुद्रित केला. भावाच्या सावलीबाहेर पडण्याचा तो प्रयत्न होता; पण संग्रह बासनात गुंडाळला गेला. १९८० मध्ये झालेला विवाहही सुखाचा ठरला नाही. १९८२ मध्ये उपचारांसाठी त्या पुन्हा न्यूयॉर्कला गेल्या. वर्षाखेरीस घरी परतल्या, तेव्हा वजन काहीसे वाढले होते. परंतु अनेक वर्षांच्या उपासमारीने हृदय दुबळे झाले होते. ४ फेब्रुवारी १९८३ रोजी डाउनी येथे आई-वडिलांच्या घरी त्या कोसळल्या आणि हृदयक्रिया बंद पडून त्यांचे निधन झाले.

या मृत्यूने अमेरिकेला हादरवले. वृत्तपत्रे आणि दूरचित्रवाणीवर या विकाराची उघड चर्चा सुरू झाली आणि अनेक कुटुंबांना आपल्या घरातील मूक दुखण्याचे नाव प्रथमच कळले. त्यांचा रखडलेला स्वतंत्र संग्रह १९९६ मध्ये, निधनानंतर तेरा वर्षांनी प्रकाशित झाला.

सत्तरचे दशक आज अनेकांना निर्धास्त आणि गोड वाटते. त्या गोडव्याला स्वर देणाऱ्या कॅरेन यांना तो निर्धास्तपणा कधीच लाभला नाही. त्यांची गाणी ऐकताना मागे वाजणाऱ्या ड्रम्सकडेही कान द्यावा. सुरुवातीच्या अनेक ध्वनिमुद्रणांत ते हात त्यांचेच आहेत.