पडदा कोरा राहू नये म्हणून...

लंडनच्या दक्षिण भागातील सिडनहॅमच्या टेकडीवर दिमाखाने उभा असलेला ‘क्रिस्टल पॅलेस’ ३० नोव्हेंबर १९३६ च्या रात्री पेटला. लोखंड आणि काचेची ती अवाढव्य वास्तू काही तासांत वितळून कोसळली. आगीच्या ज्वाळा शहराच्या दूरदूरच्या भागांतून दिसत होत्या आणि त्या पाहण्यासाठी लोटलेल्या गर्दीतून वाट काढताना अग्निशमन दलाची दमछाक होत होती. एका ऐतिहासिक इमारतीचा अंत, एवढीच या घटनेची नोंद बहुतेकांच्या स्मरणात राहिली. परंतु याच आवारात बेअर्ड टेलिव्हिजन कंपनीच्या प्रयोगशाळा होत्या आणि त्यांचा मोठा भाग त्या रात्री भस्मसात झाला. बीबीसीची नियमित दूरचित्रवाणी सेवा सुरू होऊन तेव्हा अवघे २८ दिवस झाले होते आणि त्या सेवेतील आपले स्थान टिकवण्यासाठी ही कंपनी निकराने झगडत होती.

ज्यांच्या नावाने ही कंपनी ओळखली जात होती, ते जॉन लॉगी बेअर्ड टेलिव्हिजनचे जनक म्हणून जगाला परिचित आहेत. जिवंत माणसाचा चेहरा छटांसह पडद्यावर दाखवण्याचा मान त्यांचा. मात्र एकदा चित्र दाखवणे वेगळे आणि ते रोज, ठरल्या वेळी, न थांबता दाखवत राहणे वेगळे. या दोन गोष्टींमधील अंतर कापताना बेअर्ड यांच्या आयुष्याची शोकांतिका झाली.

स्कॉटलंडमधील हेलेन्सबर्ग या समुद्रकाठच्या गावी १३ ऑगस्ट १८८८ रोजी बेअर्ड यांचा जन्म झाला. वडील धर्मोपदेशक. मुलाची प्रकृती लहानपणापासून नाजूक. सर्दी आणि ताप पाचवीला पुजलेले. मात्र खटपटी स्वभाव असा, की शाळकरी वयातच त्यांनी मित्रांच्या घरांपर्यंत तारा ओढून खासगी टेलिफोन केंद्र उभारले. वादळात खाली लोंबकळलेली एक तार घोडागाडीवाल्याला अडकली आणि हा उद्योग बंद करावा लागला, असे सांगतात. पुढे ग्लासगोच्या तांत्रिक महाविद्यालयात त्यांनी शिक्षण घेतले. विद्यापीठातील पदवी मात्र पहिल्या महायुद्धामुळे अर्धवट राहिली ती राहिलीच. सैन्यात जाण्याची त्यांची इच्छा होती, पण प्रकृतीच्या कारणावरून त्यांना नाकारण्यात आले.

युद्धकाळात ते एका वीज कंपनीत नोकरीला लागले. तेथे कार्बनपासून कृत्रिम हिरा बनवण्याच्या नादात त्यांनी वीजपुरवठाच बंद पाडल्याची कथा प्रसिद्ध आहे. नोकरी सुटल्यावर औषधी पायमोजे, त्रिनिदाद बेटावर मुरंब्याचा कारखाना, लंडनमध्ये साबण, असे नाना धंदे त्यांनी केले. काहींत पैसा मिळाला, काहींत बुडाला. प्रकृतीने मात्र प्रत्येक वेळी दगा दिला. १९२३ मध्ये हवापालटासाठी ते इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील हेस्टिंग्जला आले, तेव्हा वयाची पस्तिशी जवळ आली होती आणि हाताशी ना नोकरी होती, ना भांडवल.

येथेच त्यांनी चित्र दूरवर पाठवण्याचा ध्यास घेतला. कल्पना अगदीच नवी नव्हती. जर्मनीच्या पॉल निपकोव्ह यांनी १८८४ मध्येच छिद्रे पाडलेल्या फिरत्या चकतीची युक्ती सुचवली होती. चकती फिरली, की एकेका छिद्रातून दृश्याचा एकेक पट्टा प्रकाशाच्या रूपाने पलीकडे जातो. त्या प्रकाशाचे विजेच्या संकेतात रूपांतर करायचे आणि दुसऱ्या टोकाला तशाच चकतीने चित्र पुन्हा जुळवायचे, असे ते तत्त्व. बेअर्ड यांनी ते प्रत्यक्षात उतरवण्यासाठी घरगुती वस्तू गोळा केल्या. चहाचे खोके, टोपी ठेवण्याचा पुठ्ठ्याचा डबा, बिस्किटांचा पत्र्याचा डबा, रफूच्या सुया, सायकलच्या दिव्यांची भिंगे, लाख आणि सुतळी. यांतून १९२४ मध्ये एका क्रूसाच्या आकृतीची छाया त्यांनी काही फूट अंतरावर उमटवली. त्याच वर्षी जबरदस्त विजेचा धक्का बसून ते थोडक्यात बचावले आणि घाबरलेल्या मालकाने त्यांना जागा सोडायला लावली.

मग लंडनच्या सोहो भागातील फ्रिथ स्ट्रीटवरची माळ्याची खोली ही त्यांची प्रयोगशाळा झाली. २ ऑक्टोबर १९२५ रोजी बोलक्या बाहुल्याचा खेळ करणाऱ्यांकडे असतो तशा एका बाहुल्याचे डोके त्यांना पडद्यावर छटांसह दिसले. उत्साहाच्या भरात ते धावत खाली गेले आणि कार्यालयात काम करणाऱ्या विल्यम टेन्टन या तरुणाला वर घेऊन आले. प्रखर दिव्यांच्या उष्णतेला तो कंटाळला, पण टेलिव्हिजनवर दिसलेला पहिला माणूस म्हणून त्याचे नाव इतिहासात गेले. २६ जानेवारी १९२६ रोजी रॉयल इन्स्टिट्यूशनच्या सदस्यांपुढे बेअर्ड यांनी याच खोलीत जाहीर प्रात्यक्षिक केले.

पुढची दोन वर्षे म्हणजे विक्रमांची मालिकाच होती. मे १९२७ मध्ये टेलिफोनच्या तारेवरून ४३८ मैलांवरील ग्लासगोला चित्र गेले. फेब्रुवारी १९२८ मध्ये लंडनहून निघालेले चित्र अटलांटिक ओलांडून न्यूयॉर्कजवळ दिसले. त्याच वर्षी जुलैत त्यांनी रंगीत टेलिव्हिजनचेही प्रात्यक्षिक केले. त्यांचे चित्र अवघ्या ३० रेषांचे होते. चेहरा ओळखता यावा एवढीच त्याची कुवत. पण त्यातच त्याचे सामर्थ्यही होते. एवढा लहान संकेत साध्या टेलिफोनच्या तारेतून किंवा नेहमीच्या रेडिओ प्रक्षेपकावरून पाठवता येत असे. त्यासाठी नवी खर्चिक यंत्रणा उभारावी लागत नसे आणि हौशी माणसाला सुटे भाग आणून घरीच संच जोडता येत असे. टेलिव्हिजन ही स्वस्तात होणारी गोष्ट आहे, हे बेअर्ड यांनी दाखवून दिले.

चित्र साठवून ठेवण्याचा विचारही त्यांनी केला. १९२७-२८ च्या सुमारास त्यांनी ग्रामोफोनच्या तबकडीवर चित्राचे संकेत कोरून घेतले. या पद्धतीला त्यांनी ‘फोनोव्हिजन’ असे नाव दिले होते. रेकॉर्ड केलेला कार्यक्रम हवा तेव्हा लावता आला, तर प्रत्येक वेळी कलाकारांना बोलावण्याची आणि यंत्र बिघडले की हातावर हात ठेवून बसण्याची गरज उरत नाही. परंतु तबकडीवरचे चित्र पाहण्याजोगे परत मिळवणे त्या काळी साधले नाही. डोनाल्ड मॅक्लीन या ब्रिटिश अभियंत्याने अनेक दशकांनंतर, १९८० च्या दशकात, संगणकाच्या साह्याने ही चित्रे दुरुस्त केली. कल्पना योग्य होती, ती चालवणारे यंत्र मात्र बेअर्ड यांच्या हयातीत त्यांना लाभले नाही.

३० सप्टेंबर १९२९ पासून बीबीसीच्या प्रक्षेपकावरून त्यांचे प्रायोगिक कार्यक्रम सुरू झाले. साधने किती तुटपुंजी होती याची कल्पना एका गोष्टीवरून यावी. त्यांच्या वाट्याला प्रक्षेपक एकच आला होता. त्यामुळे आधी चित्र आणि मग आवाज, असे दोन्ही आळीपाळीने पाठवावे लागत. दुसरा प्रक्षेपक मिळाल्यानंतर, म्हणजे ३१ मार्च १९३० पासून, दिसणे आणि ऐकू येणे एकाच वेळी शक्य झाले. त्याच वर्षी जुलैत पिरांदेल्लो यांचे एक छोटे नाटक प्रक्षेपित झाले. १९३१ मध्ये डर्बीची घोड्यांची शर्यत थेट मैदानावरून दाखवण्यात आली. १९३२ मध्ये बीबीसीने हे कार्यक्रम स्वतःच्या हाती घेतले.

मात्र दरम्यान जग बदलले होते. ईएमआय कंपनीत आयझॅक शोनबर्ग यांच्या नेतृत्वाखाली अॅलन ब्लुमलाइन यांच्यासारखे कुशल अभियंते इलेक्ट्रॉनिक पद्धतीवर काम करत होते. त्यात फिरणारी चकती नव्हती, की झिजणारा भाग नव्हता. इकडे बेअर्ड यांच्या कंपनीचा ताबा एका चित्रपट उद्योगसमूहाकडे गेला. तांत्रिक सूत्रे दुसऱ्यांच्या हाती आली आणि बेअर्ड बव्हंशी नामधारी उरले. ते सिडनहॅममधील आपल्या घरच्या प्रयोगशाळेत रंगीत चित्राच्या मागे लागले.

ब्रिटिश सरकारने नेमलेल्या सेल्सडन समितीने १९३५ मध्ये एक मध्यममार्ग सुचवला. लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून बेअर्ड आणि मार्कोनी-ईएमआय या दोन्ही पद्धती एक आठवडाआड चालवाव्यात आणि अनुभवांती काय ते ठरवावे. २ नोव्हेंबर १९३६ रोजी ही सेवा सुरू झाली. नाणेफेक बेअर्ड कंपनीने जिंकली आणि उद्घाटनाचा पहिला मान तिला मिळाला. पण परीक्षा त्यानंतर होती. दुपारी तीन ते चार आणि रात्री नऊ ते दहा, रविवार वगळता रोज, पडद्यावर चित्र आलेच पाहिजे होते.

बेअर्ड कंपनीची पद्धत २४० रेषांची, तर प्रतिस्पर्ध्याची ४०५ रेषांची. फरक केवळ रेषांचा नव्हता. बेअर्ड पद्धतीत निवेदकाला अंधाऱ्या खोलीत बसवून त्याच्या चेहऱ्यावरून प्रकाशाचा ठिपका फिरवला जाई. मोठ्या दृश्यासाठी वेगळीच तजवीज होती. आधी चित्रपटाच्या फिल्मवर छायाचित्रण करायचे, ती फिल्म तेथल्या तेथे सायनाइडसारख्या विषारी रसायनांच्या टाक्यांतून धुऊन काढायची आणि ओली असतानाच तिच्यावरून चित्र प्रक्षेपित करायचे. या सगळ्याला सुमारे एक मिनिट लागे आणि प्रेक्षकाला घडलेले दृश्य तेवढ्या उशिराने दिसे. टाक्यांना जखडलेला कॅमेरा जागचा हलू शकत नसे. अमेरिकेच्या फिलो फार्न्सवर्थ यांचा इलेक्ट्रॉनिक कॅमेराही कंपनीने आणला होता, पण त्याला फार प्रखर प्रकाश लागे. साखळीतील एक कडी निसटली, तर तिची जागा घेणारे दुसरे काही नव्हते. याउलट ईएमआयचे ‘एमिट्रॉन’ कॅमेरे स्टुडिओत कोठेही नेता येत. अनेक कॅमेरे जोडून एकावरून दुसऱ्यावर जाता येत असे.

अशा वेळी क्रिस्टल पॅलेसची आग लागली. प्रयोगशाळेतील उपकरणे गेली आणि सुधारणांच्या उरल्यासुरल्या आशेलाही तडा गेला. आगीमुळे बेअर्ड हरले, असे म्हणणे सोपे आहे. ते खरे मात्र नाही. निकालाची दिशा त्याआधीच स्पष्ट झाली होती. आगीने एवढेच दाखवले, की कंपनीजवळ जे काही होते त्यातले बरेचसे एकाच ठिकाणी होते. १९३७ च्या सुरुवातीलाच बीबीसीने बेअर्ड पद्धत बंद केली. ४०५ रेषांची पद्धत ब्रिटनमध्ये १९८५ पर्यंत टिकली.

बेअर्ड यांनी हाय खाल्ली नाही, हे विशेष. १ सप्टेंबर १९३९ रोजी युद्धाच्या सावटाखाली बीबीसीची दूरचित्रवाणी बंद झाली आणि कंपनीही बुडाली. तरी स्वतःच्या पैशातून, बॉम्बहल्ल्यांच्या काळात, त्यांनी संशोधन चालू ठेवले. १९४४ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी ‘टेलिक्रोम’ ही संपूर्ण इलेक्ट्रॉनिक रंगीत चित्रनलिका दाखवली. ज्या फिरत्या चकतीवर त्यांची कीर्ती उभी होती, ती त्यांनी स्वतःच मागे टाकली होती. पत्नी मार्गारेट आणि दोन मुलांचा संसार बेताच्या परिस्थितीत चालला होता. ७ जून १९४६ रोजी बीबीसीची दूरचित्रवाणी पुन्हा सुरू झाली आणि आठवड्याभरातच, १४ जूनला, बेक्सहिल येथील राहत्या घरी बेअर्ड यांचे निधन झाले. वय होते अवघे ५७.

क्रिस्टल पॅलेसच्या आगीला बरोबर वीस वर्षे झाली त्या दिवशी, ३० नोव्हेंबर १९५६ रोजी, अमेरिकेच्या सीबीएस वाहिनीने हॉलिवूडमधील केंद्रात न्यूयॉर्कच्या बातम्या चुंबकीय फितीवर साठवल्या आणि पश्चिम किनाऱ्यासाठी नंतर प्रक्षेपित केल्या. बेअर्ड यांनी तबकडीवर जे करू पाहिले, ते अॅम्पेक्स कंपनीच्या यंत्राने करून दाखवले. पण त्या दिवशीही अभियंत्यांनी नव्या यंत्रावर भिस्त ठेवली नाही. त्याच बातम्या ३५ आणि १६ मिलिमीटरच्या फिल्मवरही सोबतच घेतल्या जात होत्या. फितीने दगा दिलाच, तर फिल्म तयार होती.

आज लहान वाहिनीच्या प्लेआउट कक्षातही हीच रीत पाळली जाते. कार्यक्रम आणि जाहिरातींची सेकंदासेकंदाची यादी एका संगणकावरून चालत असते, तेव्हा शेजारचा दुसरा संगणक तीच यादी त्याच गतीने चालवत असतो. पहिला बंद पडला, की क्षणार्धात प्रक्षेपण दुसऱ्यावर जाते आणि घरी बसलेल्या प्रेक्षकाला पत्ताही लागत नाही. एके काळी या दुहेरी व्यवस्थेसाठी महागड्या यंत्रांची रांग लागत असे. आता साधारण किमतीच्या संगणकावरही ती उभारता येते. सुतळी आणि बिस्किटांच्या डब्यातून टेलिव्हिजन साकारणाऱ्या बेअर्ड यांना ही काटकसर नक्कीच आवडली असती. शेजारचा तो दुसरा संगणक मात्र त्यांच्या वाट्याला कधी आला नाही.