विश्लेषण : पार्कोर आणि क्लाइंबिंग एकाच खांबावर? बाळंभटदादा देवधर कोण होते?

कठड्यावरून कठड्यावर झेप घेणारी, भिंतीला पाय लावून क्षणात वर जाणारी मुले मोबाइलवर रोज दिसतात. तो पार्कोर. बोटांच्या टोकांवर शरीर तोलत कृत्रिम भिंत चढणारे खेळाडू ऑलिम्पिकमध्ये दिसतात. ते स्पोर्ट क्लाइंबिंग. एकात झेपेला महत्त्व, दुसऱ्यात पकडीला. या दोन्ही गोष्टी एकाच साधनावर शिकवण्याची पद्धत मराठी मुलखात दोनशे वर्षांपूर्वी रुजली होती. ते साधन म्हणजे मल्लखांब आणि ती पद्धत रुजवणारे गुरू म्हणजे बाळंभटदादा देवधर.

बाळंभटदादा कोण होते?

बाळंभटदादांचा काळ १७८० ते १८५२ असा मानला जातो. त्यांचे मूळ गाव नाशिक जिल्ह्यातील, गोदाकाठचे कोठुरे. कुस्तीत नाव मिळवून ते पुण्याला दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पदरी आले.

मल्लखांब त्यांनी शून्यातून निर्माण केला, असे म्हणणे बरोबर नाही. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील मानसोल्लास या ग्रंथात मल्लांच्या खांबावरील व्यायामाचा उल्लेख आहे. मधल्या काळात ही विद्या मागे पडली. तिला नवे रूप आणि शिकवण्याचा क्रम देण्याचे श्रेय बाळंभटदादांकडे जाते.

पुण्याच्या दरबारात काय घडले?

हैदराबादच्या निजामाकडील अली आणि गुलाब हे दोन नावाजलेले पैलवान पुण्यात आले. आमच्याशी कुस्ती करा, नाहीतर हरल्याचे मान्य करून जितपत्र लिहून द्या, असे त्यांचे आव्हान होते. दोघांची शरीरयष्टी आणि कीर्ती पाहून दरबारातील कोणी पुढे होईना. प्रश्न पेशव्यांच्या अब्रूचा होता. तेव्हा तरुण बाळंभटदादांनी आव्हान स्वीकारले आणि तयारीसाठी मुदत मागून घेतली.

ते वणीच्या सप्तशृंगी गडावर गेले. तिथे देवीची उपासना करत असताना मारुतीने वानराच्या रूपात लाकडी खांबावर खेळून दाखवले आणि त्यातून त्यांना नवे डाव सुचले, अशी कथा मल्लखांबाच्या परंपरेत सांगितली जाते. पुण्याला परतल्यावर त्यांनी अलीला चीत केले. ते पाहून गुलाबने माघार घेतली.

वानराच्या कथेतून काय समजते?

ही श्रद्धेची कथा आहे, पण तिच्यात हालचालींचे एक सूत्रही आहे. वानर चढतो कधी आणि उडी मारतो कधी, हे वेगळे काढता येत नाही. फांदीवरची पकड सुटते तीच झेप आणि झेप संपते तिथे पुढची पकड. सप्तशृंगीसारख्या डोंगरकपारीत राहणाऱ्याला असे वानर पाहायला मिळणे नवलाचे नाही. बलदंड प्रतिस्पर्ध्यासमोर ताकदीपेक्षा चपळाई आणि अचूक पकड कामी येते, हा या कुस्तीचा धडा होता.

खांबावर चढणे आणि उडी एकत्र कसे येतात?

मल्लखांब मुळात जोडीदाराविना कुस्तीचा सराव करण्याचे साधन. म्हणून त्याच्या भागांची नावेही शरीराशी जुळतात. वरच्या गोल टोकाला बोंड म्हणतात आणि त्याखालच्या निमुळत्या भागाला मान. खांब बहुधा शिसवी किंवा सागवानी असतो, त्याला एरंडेल तेल लावतात. त्यामुळे पृष्ठभाग गुळगुळीत होतो आणि पकड पक्की नसेल तर शरीर खाली घसरते.

इथे क्लाइंबिंगशी पहिले साम्य दिसते. नुसत्या हाताच्या जोरावर वर जाणारा लवकर थकतो. चांगला गिर्यारोहक पायांवर भार टाकतो. मल्लखांबपटू मांड्या, पोटऱ्या आणि पायाच्या अंगठ्यांनी खांब धरतो. दोघेही शरीराचा भार शक्यतो आधाराच्या जवळ ठेवतात.

दुसरे साम्य पार्कोरशी आहे. मल्लखांबावर धावत येऊन झेप घेत चढता येते, हवेत पकड बदलता येते आणि शेवटी उडी मारून दोन्ही पायांवर स्थिर उतरावे लागते. अढी, तेढी, वेल, फिरकी, सुईदोरा, फरारे अशा प्रकारांच्या यादीत उडी हाही एक स्वतंत्र प्रकार आहे. म्हणजे या विद्येच्या शब्दसंग्रहातच वेलीसारखे वर चढणे आणि झेपावणे शेजारी शेजारी नांदतात.

फरकही आहे. क्लाइंबिंगमध्ये उंच भिंतीवर सुरक्षेचा दोर असतो. पार्कोर आणि पुरलेल्या मल्लखांबावर तो नसतो. शिवाय पार्कोरमध्ये एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जायचे असते, मल्लखांबात सारा प्रवास एकाच खांबाभोवती होतो.

पेशवाई बुडाल्यावर काय झाले?

बाळंभटदादांच्या आयुष्यातील मोठी कसोटी अलीच्या कुस्तीनंतर आली. नोव्हेंबर १८१७मध्ये पुण्याजवळ खडकीला पेशव्यांची आणि त्याच महिन्यात नागपूरच्या सीताबर्डीवर भोसल्यांची इंग्रजांशी लढाई झाली. दोन्ही ठिकाणी मराठी सत्तेची पीछेहाट झाली. जून १८१८मध्ये बाजीरावांनी शरणागती पत्करली आणि वार्षिक आठ लाखांच्या तनख्यावर त्यांना कानपूरजवळच्या बिठूरला, म्हणजे ब्रह्मावर्ताला जावे लागले.

दरबार गेला की दरबारी पैलवानाचे काय उरते? सामने नाहीत, मान नाही, इनाम नाही. बाळंभटदादांनी बाजीरावांबरोबर बिठूर गाठले आणि शिकवणे सुरू ठेवले. नानासाहेब, तात्या टोपे आणि लहानपणीच्या राणी लक्ष्मीबाई यांनी तिथे मल्लखांबाचे धडे घेतले, असे परंपरा सांगते. शिष्यांपैकी कोंडभटनाना गोडबोले यांच्यामुळे ही विद्या काशीत रुजली. शिष्यांचे शिष्य ती पुढे गावोगावच्या आखाड्यांत घेऊन गेले. राज्य परत मिळाले नाही, पण त्या राज्यातील ही एक विद्या टिकली. बाजीराव १८५१मध्ये बिठूरला वारले. पुढच्याच वर्षी बाळंभटदादाही गेले.

फ्रान्समध्ये असेच काही घडले का?

हो, पण बऱ्याच वर्षांनी. फ्रेंच नौदल अधिकारी जॉर्ज एबेर (१८७५-१९५७) यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नैसर्गिक पद्धत मांडली. चालणे, धावणे, चार पायांवर चालणे, चढणे, उडी, तोल, फेकणे, उचलणे, स्वसंरक्षण आणि पोहणे असे तिचे दहा भाग. त्यातून सैनिकांच्या अडथळा-मार्गांना वळण मिळाले. तो सराव रेमाँ बेल यांनी आत्मसात केला. ते पुढे पॅरिसच्या अग्निशमन दलात होते. त्यांचे पुत्र डेव्हिड बेल यांच्या पिढीने त्याला पार्कोरचे रूप दिले. एबेर यांच्या यादीतही चढणे आणि उडी एकाच शिक्षणाचे भाग होते. त्यांचे वेगळे खेळ अलीकडे झाले. स्पोर्ट क्लाइंबिंग टोकिओ ऑलिम्पिकमध्ये आले आणि पार्कोरची पहिली जागतिक स्पर्धा २०२२मध्ये टोकिओतच झाली.

विदर्भाशी या वारशाचे नाते काय?

नागपूरपासून सुमारे दीडशे किलोमीटरवर अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४मध्ये हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू केले. या मंडळाच्या पथकाने १९३६च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. पुढे १९८१मध्ये उज्जैनला मल्लखांबाची पहिली स्वतंत्र राष्ट्रीय स्पर्धा झाली. अलीकडे खेलो इंडिया आणि राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांतही मल्लखांबाला स्थान मिळाले.

आजच्या मुलांसाठी याचा अर्थ काय?

नागपूरच्या दाराशी सह्याद्रीसारखे कडे नाहीत आणि क्लाइंबिंगची भिंत उभारायला मोठा खर्च येतो. इमारतींच्या गच्चीवर पार्कोर करून पाहणे तर जिवावर बेतू शकते. जमिनीत पुरलेल्या एका खांबाला आणि खाली अंथरलेल्या गादीला मात्र फारसे काही लागत नाही. पकड, तोल, उंचीची भीती घालवणे आणि पडताना सावरणे या चारही गोष्टी तिथे जाणत्या गुरूच्या नजरेखाली शिकता येतात. मग मुलगा किंवा मुलगी पुढे भिंत चढो वा कठडे ओलांडो, पाया तयार असतो. दरबार गेल्यावरही बाळंभटदादांनी शिष्य घडवले, म्हणून तो पाया आजच्या आखाड्यापर्यंत पोहोचला.