विजेच्या व्ययाचा हिशेब मांडणारा तंत्रज्ञ

बंद पडलेल्या अवाढव्य जनित्रावर खडूने खूण करून नेमका दोष दाखवणारा आणि त्याबद्दल घसघशीत बिल आकारणारा तंत्रज्ञ, ही चार्ल्स प्रोटिअस स्टाइनमेट्झ यांची आख्यायिका सर्वपरिचित आहे. या आख्यायिकेने त्यांना जादूगार ठरवले. मात्र मोजक्या जाणकारांच्या अंदाजावर चालणारी विद्या सर्वसामान्य तंत्रज्ञाला शिकता येईल अशा गणितात आणणे, हे त्यांचे खरे कार्य होय.

त्यांचा जन्म ९ एप्रिल १८६५ रोजी तत्कालीन प्रशियातील ब्रेसलाऊ येथे झाला. हे शहर आज पोलंडमध्ये आहे. जन्मतः पाठीला कुबड आणि उंची जेमतेम चार फूट. बुद्धी मात्र असामान्य. विद्यापीठात गणिताचा प्रबंध पूर्ण होत आला असतानाच समाजवादी चळवळीतील सहभागामुळे अटकेची टांगती तलवार आली आणि १८८८ मध्ये त्यांना मायभूमी सोडावी लागली. झुरिचमार्गे १८८९ मध्ये ते न्यूयॉर्क बंदरात पोहोचले. त्यांची शरीरयष्टी आणि तुटपुंजे इंग्रजी पाहून अधिकारी त्यांना परत धाडण्याच्या बेतात होते. सोबतच्या मित्राने जबाबदारी घेतली, म्हणून प्रवेश मिळाला.

यॉंकर्स येथील रुडॉल्फ आयकेमायर यांच्या कारखान्यात ते ड्राफ्ट्समन म्हणून रुजू झाले. प्रत्यावर्ती प्रवाहावर, म्हणजे एसीवर चालणाऱ्या यंत्रांत लोखंडी गाभ्याचे चुंबकत्व सेकंदाला अनेकदा उलटते. प्रत्येक वेळी काही ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. हा व्यय किती होईल, हे यंत्र बांधून चालवल्याखेरीज कळत नसे. असंख्य मोजमापे करून स्टाइनमेट्झ यांनी १८९२ मध्ये नियम मांडला: हा व्यय चुंबकीय घनतेच्या सुमारे १.६ व्या घाताच्या प्रमाणात वाढतो. मोटर किती तापेल, याचा अंदाज आता कागदावरच करता येऊ लागला.

१८९३ मध्ये शिकागोच्या परिषदेत त्यांनी एसी मंडलांसाठी संमिश्र संख्यांची पद्धत मांडली. किचकट कलनशास्त्राची जागा बीजगणिताने घेतली. पुढे जनरल इलेक्ट्रिकच्या स्केनेक्टडी येथील कारखान्यात आणि तेथील युनियन कॉलेजात त्यांनी अभियंत्यांची पिढी घडवली.

१९२० मध्ये त्यांच्या नदीकाठच्या झोपडीवर वीज कोसळून आरसा फुटला. त्यांनी त्याचे तुकडे जुळवून विजेच्या मार्गाचा अभ्यास केला. १९२२ मध्ये त्यांनी प्रयोगशाळेत एक लाखाहून अधिक व्होल्टची कृत्रिम वीज पाडून दाखवली. वीजवाहिन्यांवरील तडितरोधकांची कसोटी घेणे त्यामुळे शक्य झाले.

आपले व्यंग पुढच्या पिढीत उतरेल या भीतीने ते अविवाहित राहिले. सहकारी जोसेफ हेडन यांना त्यांनी दत्तक घेतले आणि हेडन यांच्या मुलाबाळांत ते आजोबा म्हणून रमले. स्केनेक्टडीच्या शिक्षण मंडळाचे अध्यक्ष असताना विद्यार्थ्यांना मोफत पाठ्यपुस्तके आणि अपंग मुलांसाठी स्वतंत्र वर्ग यांकरिता त्यांनी परिश्रम घेतले. २६ ऑक्टोबर १९२३ रोजी त्यांचे निधन झाले. कारखान्याचा पॉवर फॅक्टर सुधारण्यासाठी किती क्षमतेचे कपॅसिटर बसवायचे, याचा हिशेब मांडणारा तंत्रज्ञ आजही त्यांनीच रूढ केलेल्या पद्धतीचा आधार घेतो.